मोठ्या अक्षरांचं शुभवर्तमान

माझं वाचन चांगलं होतं. बढाई म्हणून नाही सांगत. पुढं जे घडलं ते कळायला हे आधी सांगावं लागतं. मी वाढले नगरकडच्या एका ख्रिस्ती वसतिगृहात. तिथं रोज सकाळी न्याहारीआधी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, वचनं पाठ म्हणायची असत, आणि वर्षाअखेर जिची सगळ्यांत जास्त वचनं पाठ तिला बक्षीस मिळे. मी तीनदा बक्षीस घेतलं. एकदा कंपासपेटी, एकदा फ्रॉकचं कापड, एकदा पितळी पेला. सबंध अध्याय मी एका दमात म्हणून दाखवायची. बाई घड्याळ हातात धरून उभ्या राहत आणि शेवटचा शब्द झाला की कौतुकानं मान हलवत. त्या अध्यायात काय आहे, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा रेल्वेत होता. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्याआधी कर्जतला मागून इंजिनं जोडतात, ती जोडणाऱ्या टोळीत त्याचं काम. भिसेगावात आमच्या दोन खोल्या होत्या. ख्रिस्ती घरं सगळी मिळून सहा-सात, बहुतेक रेल्वेतली. आमचं असं देऊळ नव्हतं. रविवारी सकाळी एका क्वार्टरमध्ये सतरंज्या घालून आम्ही उपासनेला जमायचो. महिन्यातून एकदा कल्याणहून पाळक येऊन उपासना चालवत. बाकीचे रविवार आम्हीच गीतं गायचो, आम्हीच प्रार्थना करायचो, आणि शास्त्रपाठ मी वाचायची. पहिल्याच रविवारी माझा आवाज ऐकून सगळ्यांनी ते काम माझ्याकडे दिलं होतं. नवरा ड्यूटी नसली तर यायचा, दाराजवळ बसायचा, आणि शेवटचं आमेन झालं की सगळ्यांत आधी चपला घालायचा.

अशी सात-आठ वर्षं गेली. दोन मुली झाल्या, त्या शाळेत जाऊ लागल्या. एका रविवारी उपासना आटोपून स्टेशनजवळ भाजी घेत होते. भेंडी निवडताना सहज मनात आलं की आज आपण काय वाचलं? आठवेना. जुना करार होता की नवा, तेही आठवेना. वाचून अजून तासही झाला नव्हता. भाजीवाली विचारत राहिली, अर्धा किलो की पाव, आणि मी नुसती उभी.

घरी येऊन त्या दिवशीचा पाठ मी पुन्हा काढून वाचला. शब्द ओळखीचे, इतके ओळखीचे की जिभेवरून आपोआप घसरत होते. आत काहीच पोचत नव्हतं. मग मी घाबरले. मागच्या आठवड्याचा काढला, त्याच्या मागचा काढला. सगळीकडे तेच. पाठ होतं सगळं, पण माझं असं त्यातलं काहीच नव्हतं.

पुढच्या वेळी पाळक आले तेव्हा त्यांना मी हे सांगितलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी मला एक छापील तक्ता दिला. रोज इतके अध्याय वाचले की वर्षात सबंध शास्त्र पुरं होतं. मी तो तक्ता स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला आणि रोज पेन्सिलीनं खूण करत गेले. वर्ष संपलं, शास्त्र संपलं, सगळ्या चौकटी भरल्या. मी होते तिथंच होते.

तेव्हापासून एक प्रार्थना मला लागली. तांदूळ निवडताना, मुलींच्या वेण्या घालताना, पाण्याला उभी असताना. शब्द साधेच होते. प्रभू, मला भूक दे. एवढंच. ही प्रार्थना मी कुणासमोर मोठ्यानं केली नाही, कारण शास्त्र वाचणारीच असं मागते आहे हे कळलं असतं तर लोक काय म्हणाले असते, याची मला लाज वाटायची.

आमच्या मंडळीत एक म्हातारी होती. दहिवलीला एकटी राहायची. नदीवरचा पूल ओलांडून काठी टेकत दर रविवारी यायची आणि अगदी पुढं, माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसायची. सगळे तिला मावशी म्हणत. मला वाटे, तिला ऐकू कमी येत असेल. एकदा उपासना संपल्यावर तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बाय, कर्जतला मेलगाडी पन थांबते. तुजं वाचन कुटंच थांबत नाय."

आजूबाजूचे हसले. मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुली शाळेत असताना, मी पूल ओलांडून तिच्याकडे गेले. खरं तर जाब विचारायला गेले होते.

एका बौद्ध कुटुंबाच्या घरामागं तिची एक खोली होती. घरातली सून तिला दोन वेळची भाकरी द्यायची. मी गेले तेव्हा मावशी उंबऱ्यात उन्हाकडे तोंड करून बसली होती. मांडीवर शास्त्र उघडं होतं आणि त्या पानावर ती हात फिरवत होती. ती वाचत नव्हती, तिला दिसतच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दवाखान्यात दाखवलं होतं, पण अजून पिकला नाही, पिकल्यावर बघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्या दुपारी तिनं मला तिची सगळी हकिगत सांगितली. तिचे आईबाप घाटावरचे, माथेरानला रस्त्याच्या कामावर आलेले. नवरा तिथं हातरिक्षा ओढायचा आणि ही एका बंगल्यावर झाडलोट करायची. त्या बंगल्यावरच्या स्वयंपाक्याची बायको ख्रिस्ती होती. तिनं मावशीला अक्षरं शिकवली, मागच्या पडवीत राख पसरून तिच्यावर बोटानं. तेव्हा मावशीचं वय तीस-पस्तीस. शिकायला दोन वर्षं लागली. पुढं नवराबायकोनं बाप्तिस्मा घेतला आणि तिला हे पुस्तक मिळालं. पावसाळ्यात माथेरानचे बंगले बंद होत, काम नसे, चार महिने धुक्यात खोलीत बसून राहावं लागे. त्या चार महिन्यांत ती वाचायची. दुसरं कुठलंही पुस्तक तिनं आयुष्यात वाचलं नव्हतं. वर्तमानपत्र हातात दिलं तर ती अडखळायची, कारण त्यातले शब्द तिच्या ओळखीचे नसत. नवरा वारला आणि डोळे अधू झाले, तेव्हा ती डोंगर उतरून दहिवलीला आली.

"चार वर्सं झाली, पान दिसत नाय," ती म्हणाली. "रविवारी तू वाचतेस, तेवढंच माजं जेवण. आनि तू वाढतेस कशी, तर पानात पडायच्या आधी उचलून नेतेस."

मी जाब विचारायचा विसरले. तिनं मला विचारलं की तुझं अक्षर कसं आहे. मी म्हटलं, बरं आहे. मग तिनं बोट आणि अंगठा जरासा फाकवून दाखवला: एवढं मोठं अक्षर काढलंस आणि कागद डोळ्याला लावला तर उजव्या डोळ्यानं मला अजून लागेल. सगळं शास्त्र नको. एक शुभवर्तमान दे लिहून.

मी हो म्हटलं. प्रभूच्या चरित्राची अशी चार शुभवर्तमानं आहेत, त्यांतलं सगळ्यांत लहान मी निवडलं. त्यामागं भक्ती नव्हती, आळस होता.

कागद नवऱ्यानं आणून दिले. स्टेशनात लावायची जुनी वेळापत्रकं बदलली की रद्दीत जात. ती मोठमोठी होती आणि मागून कोरी. मी बाजारातून बोरू आणि काळी शाई आणली. दुपारी जेवणं आटोपली की जमिनीवर कागद पसरायचा, पट्टीनं रेघा आखायच्या, आणि ओणवं होऊन लिहायचं. एका कागदावर पाच-सहा ओळी मावत, म्हणजे एक-दोन वचनं. शाई दाट असायची, लवकर वाळायची नाही. म्हणून लिहिलेले कागद मी स्वयंपाकघरात दोरी बांधून तिच्यावर चिमट्यांनी लावून ठेवायची. बुधवारी वाळलेले कागद गुंडाळी करून दहिवलीला न्यायचे.

बोरूनं लिहिताना घाई करता येत नाही. घाई केली की शाई फुटते. एक शब्द काढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्या शब्दापाशी बसावंच लागतं. बारा वर्षांची मुलगी मेलेली असते आणि प्रभू तिला हात धरून उठवतो, ती गोष्ट मी कंपासपेटीच्या वर्षी पाठ केली होती. ती लिहिता लिहिता मी शेवटच्या ओळीशी आले, आणि तिथं काय होतं? मुलीला काहीतरी खायला द्या, असं तो घरच्यांना सांगतो. बस, तेवढंच. सगळे आश्चर्यानं थक्क होऊन उभे, आणि ह्याच्या लक्षात आलं की पोरगी उपाशी असेल. त्या ओळीवरून मी किती वेळा धावत गेले होते. बोरू दौतीत ठेवून मी बसून राहिले. माझी धाकटी तापातून उठली होती तेव्हा मी तिला पहिल्यांदा पेज भरवली होती, तो दिवस आठवला.

बुधवारी मावशीला कागद दिला की ती तो उजव्या डोळ्याला भिडवायची आणि एक एक अक्षर ओठांनी उचलायची. मी शेजारी बसायची. ती वाक्य पुरं करायची आणि कागद खाली ठेवायची. मग गप्प. सुरुवातीला ही शांतता मला सहन व्हायची नाही, मी काहीतरी बोलायला जायची. ती हातानं थांबवायची. कधी त्या गप्पपणातून एखादा प्रश्न निघायचा. तो प्रश्न पाळकांना विचारावा असा नसायचा, एखाद्या शेजारणीला विचारावा तसा असायचा. त्या तापानं पडलेल्या सासूजवळ घरात दुसरं कोण होतं? त्या नावेत भाकरी कुणी ठेवली होती?

आठव्या अध्यायात एका आंधळ्याची गोष्ट आहे. प्रभू त्याला हात धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांना हात लावतो आणि विचारतो, काही दिसतं का. तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. मग प्रभू पुन्हा हात लावतो आणि त्याला सगळं स्वच्छ दिसतं. ते कागद द्यायला मला जरा अवघडल्यासारखं झालं होतं. मावशीनं वाचलं. कागद मांडीवर ठेवला.

मग म्हणाली, "गावाबाहेर नेईपर्यंत हात धरलेला. वाटेत काय बोलले असतील गं?"

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

"लिवलेलं नाय म्हंजे बोललेच नाय असं थोडंच हाय." मग कागदावरून हात फिरवत, "आनि दोनदा हात लावला. बाकी कुनाला दोनदा लावला नाय त्यानं. ह्यालाच दोनदा."

दोनदा. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पूल ओलांडून परत येताना मला रडू आलं. मी त्या माणसासारखी होते. मला काहीच दिसत नव्हतं असं नाही. सगळं दिसत होतं, पण झाडांसारखं. त्याला दुसऱ्यांदा हात लावेपर्यंत किती वेळ गेला असेल? मध्ये त्याला काय वाटलं असेल? आता एवढ्यावरच भागवायचं, असं वाटलं असेल का? नदीच्या कठड्याला टेकून मी माझी प्रार्थना केली. या खेपेला शब्द बदलले होते: प्रभू, पुन्हा एकदा हात लाव.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. मावशीचा उजवा मोतीबिंदू पिकला होता. तिला तिचं असं कुणी नव्हतं, म्हणून मी गेले. मुलींना शेजारणीकडे ठेवलं आणि मावशीला खोपोलीच्या गाडीत बसवलं. वर्गातले बाक बाहेर काढून ओळीनं खाटा टाकल्या होत्या. ऑपरेशन झालं आणि डोळ्यांवर पट्टी बांधून तिला उताणी निजवली. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. सहा दिवस तसंच. मी चमच्यानं भात भरवायची.

गडबडीत शास्त्र घरीच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली की तुला पाठ येतंय ना, मग म्हण. मी म्हणू लागले. समुद्रावर वादळ होतं आणि प्रभू नावेत मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला असतो, ती गोष्ट. लहानपणची सवय, मी एका दमात सुटले. मावशीनं पांघरुणाखालून हात काढून माझा हात दाबला. मी वेग कमी केला. एक वाक्य म्हणायचं आणि थांबायचं. पलीकडच्या खाटेवर डोंगरातल्या वाडीवरचे एक ठाकूर आदिवासी आजोबा होते, त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी. त्यांनी कुणाला उद्देशून नाही, नुसतं छताकडे तोंड करून विचारलं, "एवढ्या वादळात त्याला झोप कशी लागली?"

मावशी म्हणाली, "दमला असंल."

"दमलाच असंल," आजोबा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी मला पुढं सांगायला लावलं. पुढचे चार दिवस मी रोज दोन-तीन गोष्टी सांगितल्या. पाठ केलेलं कधी कुणाच्या उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं.

पट्टी सुटली. दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा मिळाला. तो लावून तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं तेव्हा ती जरा वेळ बघतच राहिली आणि म्हणाली, "आवाजावरून मला वाटायचं, तू चांगली जाडजूड असशील." मग तिनं तिचं जुनं शास्त्र उघडलं. बारीक टाइप होता. बोट ठेवून तिनं एक ओळ वाचली, दुसरी वाचली. शेवटी पुस्तक मिटून छातीशी धरलं आणि पदरानं चष्मा पुसत बसली.

मला किती आनंद झाला हे सांगायला नको. पण खरं सांगायला बसलेय तर हेही सांगते. पुढच्या बुधवारी मी कागद घेऊन गेले, तेव्हा मावशी उन्हात बसून स्वतःचं स्वतः वाचत होती. तिनं माझे कागद प्रेमानं घेतले आणि बाजूला ठेवले. तिला आता त्यांची गरज नव्हती. परत येताना मला काहीतरी हरवल्यासारखं झालं.

मी दहाव्या अध्यायाच्या मध्यावर होते. ठरवलं, आता स्वतःसाठी लिहू. कागद पसरला, रेघा आखल्या. दोन ओळी लिहिल्या आणि जाणवलं की हात नुसता चाललाय. कुणी वाट बघत नव्हतं, तर माझाही हात कोरडा झाला होता. चार दिवस प्रयत्न केला. मग दौत, बोरू फळीवर ठेवून दिले.

महिनाभर मी दहिवलीला गेले नाही. मग एका दुपारी गेले आणि मावशीला सगळं सांगितलं. वसतिगृह, बक्षिसं, तक्ता, ती भूक मागायची प्रार्थना, आणि मध्ये थोडे महिने मला वाटलं होतं की मिळालं, ते. मी म्हटलं, मावशी, तुमची नजर परत आली आणि माझं मिळालेलं गेलं. बोलल्यावर मलाच ते वाईट वाटलं.

तिला राग आला नाही. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. ती म्हणाली की माथेरानला चार महिन्यांच्या धुक्यात तिचेही कितीतरी दिवस तसेच जायचे. पुस्तक उघडायचं आणि आत काही नसायचं, नुसती अक्षरं, राखेतल्यासारखी. कधी कधी अख्खा श्रावण तसा गेला. मी विचारलं, मग तुम्ही काय करत होता?

"मागायची," ती म्हणाली. "अजून मागते. रोज उगडायच्या आदी. मागितलं की मिळतंच असं नाय बाय. पन त्याच्याबिगर दुसरं काय करनार?"

मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. आमच्या उपासनेत लोक लांबलचक प्रार्थना करत, मीही करायची. मावशीची प्रार्थना दोन वाक्यांची होती. "प्रभू, ही पोर वाचते. हिला ऐकू येऊ दे."

मी वाट पाहत राहिले. त्या आठवड्यात काही झालं नाही, त्या महिन्यातही नाही. रविवारी मी वाचायची, आता थांबत थांबत, कारण मावशी समोर चष्मा लावून बसलेली असायची. पण थांबले तरी त्या थांबण्यात काही भरून येत नव्हतं.

आणि मग एक सकाळ. नवरा रात्रपाळी करून आला होता. आंघोळ करून जेवायला बसला. मी भाकरी टाकत होते. तो बोलका माणूस नव्हता. घरात त्याचे दिवसाचे शब्द मोजता आले असते. त्यानं कालवण ओतून घेतलं आणि रिकाम्या दोरीकडे बघत म्हणाला, "तू लिहायचं बंद केलंस."

मी म्हटलं, मावशींना दिसायला लागलं, आता कुणासाठी लिहायचं?

तो जेवत राहिला. मग म्हणाला, "तो श्रीमंत माणूस. तो तोंड पाडून निघून गेला. पुढं तो परत आला का?"

मला आधी कळेचना तो कुणाबद्दल बोलतोय. मग कळलं. दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस धावत येऊन प्रभूपुढं गुडघे टेकतो. प्रभू त्याच्याकडे बघतो, त्याच्यावर प्रेम करतो आणि सांगतो, जवळचं सगळं विकून दे आणि माझ्यामागं ये. त्याला ते जमत नाही. तो दुःखी होऊन जातो. दोरीवर लावलेला शेवटचा कागद तोच होता.

मी विचारलं, "तुम्ही वाचत होता?"

"समोरच असायचे कागद. जेवताना दुसरीकडे कुठं बघणार?" मग म्हणाला, "त्या मुलीला खायला द्या म्हणाला, ते मला आवडलं."

माझी तव्यावरची भाकरी करपली. हा माणूस ख्रिस्ती घरात जन्मलेला, दाराजवळ बसून आमेनची वाट बघणारा. दीड-दोन वर्षं, एका एका कागदानं, जेवता जेवता तो शुभवर्तमान वाचत होता आणि मला पत्ता नव्हता. मी माझ्या भुकेसाठी रडत होते आणि माझ्याच स्वयंपाकघरात कुणीतरी जेवत होतं.

"तो परत आला की नाही, लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"पुढं असेल. लिही की."

मला शेवट माहीत होता, सगळं तोंडपाठ होतं. तरी मी तो सांगितला नाही. त्याच दुपारी दौत फळीवरून काढली. शाई सुकून गेली होती, पाणी घालून ढवळली.

पुढचे सहा अध्याय मी नवऱ्यासाठी लिहिले. तो त्या माणसाची वाट बघत होता, म्हणून मीही बघू लागले. प्रत्येक नवा माणूस आला की मी ओणवी असतानाच थबकायची, हा तो असेल का? दोन दमड्या टाकणारी ती विधवा, आपलं होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकते, तिच्यापाशी थबकले. सुगंधी तेलाची कुपी फोडणाऱ्या बाईपाशी थबकले. मग प्रभूला धरून नेतात तो भाग आला. सगळे सोडून पळतात. तिथं एक तरुण असतो, अंगावर फक्त एक तागाचं वस्त्र. शिपाई त्याला पकडायला जातात तर तो वस्त्र त्यांच्या हातात टाकून उघडा पळून जातो. तो कोण, कुठला, काहीच सांगितलेलं नाही. हा कागद दोरीवर लावला त्या दिवशी नवऱ्यानं जेवण अर्धवट ठेवलं.

"हा तोच असेल," तो म्हणाला. "सगळं विकलेलं दिसतंय. एकच कापड राहिलंय अंगावर."

शहाण्या लोकांनी यावर काय लिहिलंय मला ठाऊक नाही, आणि नवरा म्हणाला ते बरोबर की चूक तेही ठाऊक नाही. पण तो आला, पार शेवटच्या घटकेला आला, आणि तरीही टिकला नाही, पळाला, असं मनात आलं आणि त्या दुपारी पहिल्यांदा मला ते शब्द माझ्या जिभेवरून न येता बाहेरून ऐकू आले, कुणीतरी मला सांगतंय तसे. फार वेळ नाही. दाळ उतू जाईपर्यंत.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर नवऱ्यानं चपला घातल्या नाहीत. तो मावशीपाशी येऊन उभा राहिला आणि तिला विचारलं की तो श्रीमंत माणूस परत आला का, तुम्हाला काय वाटतं. मावशीनं जाड भिंगांतून त्याच्याकडे वर पाहिलं. इतक्या वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"मी पन त्याची वाट बगते रं," ती म्हणाली. "पन्नास वर्सं झाली."

त्यानंतर ती पाच वर्षं होती. शेवटच्या वर्षी उजव्या डोळ्यालाही कमी दिसू लागलं, तेव्हा मी पुन्हा बुधवारी जाऊ लागले. या वेळी नवराही, सुट्टी असली तर. ती गेली तेव्हा पाळक कल्याणहून वेळेत पोचू शकले नाहीत. नदीपलीकडून तिला आम्ही सहा-सात घरांनी आणि त्या बौद्ध कुटुंबातल्या माणसांनी दफनाला नेलं. मी शास्त्रपाठ वाचला. नीट वाचला की नाही आठवत नाही.

नवरा सन पंच्याऐंशीच्या सुमारास निवृत्त झाला. आता तो सकाळी चहा घेऊन खिडकीपाशी बसतो आणि एक पान उघडतो. तासाभरानं बघावं तर तेच पान, आणि चहावर साय धरलेली. मी शेजारी माझं पुस्तक घेऊन बसते. उघडायच्या आधी मागते. कधी कधी ऐकू येतं. बहुतेक सकाळी मी त्याच्याकडे बघते, त्याचे हलणारे ओठ बघते, आणि मला त्याचा इतका हेवा वाटतो की पुन्हा मागते.